शिट्टी मारणारा डबा

नीलाताईंच्या घरातून रिकामा डबा बाहेर गेला, असं डोंबिवलीतल्या त्यांच्या सोसायटीत कुणी शपथेवर सांगू शकलं नसतं. शेजारणीची वाटी परत जाताना तिच्यात मुरांबा असे. एकदा कुरियरवाला दुसऱ्याचं पार्सल चुकून ठेवून गेला आणि ते न्यायला परत आला, तेव्हा त्याच्याही हातावर चार शंकरपाळे ठेवले गेले. भांडं रिकामं जाऊ नये, माणूस कोरडा जाऊ नये, एवढंच त्यांचं शास्त्र. बँकेत एकतीस वर्षं नोकरी करूनही त्यांनी या बाबतीत कधी हिशेब केला नाही.

त्यांची मुलगी ऋजुता मात्र असल्या रीतींना आधार काय, असं विचारणाऱ्यांतली. तो आधार तिला पुढच्या आठवड्यात मिळायचा होता, आणि तोही नाक घासून.

ऋजुता ठाण्याला वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या कंपनीत इंजिनियर होती. कंपनी बिनतारी संचांचे भाग बनवायची. नाशिकच्या एका कंपनीला डोंगरात अडकलेल्यांना सोडवणाऱ्या पथकांसाठी संच करायचे होते आणि त्यांची तक्रार एकच होती, अँटेनाची. मीटरभर काठी पाठीवर घेऊन कडा उतरायचा म्हणजे ती झाडात अडकते, दोरात अडकते आणि काहीच नाही मिळालं तर मागच्याच्या डोळ्यात जाते. त्यांना वीतभर अँटेना हवी होती, आणि तिच्यावर तीस मेगाहर्ट्झपासून नव्वदपर्यंतचे सगळे चॅनल ऐकू यायला हवे होते. म्हणजे आवळा देऊन कोहळा काढण्यातलाच प्रकार.

आखूड अँटेना स्वभावाने हट्टी असते. संचाशी तिचं जुळवायला नेहमीची कॉइल लावली, तर ती एका चॅनलवर गोड बोलते आणि शेजारच्या चॅनलवर ओळखही दाखवत नाही. कारण कॉइल तिचा हट्ट एकाच ठिकाणी बरोब्बर भागवते; तिथून जरा सरकलं की अँटेना एकीकडे ओढते आणि कॉइल भलतीकडे. ऋजुताचं म्हणणं असं, की तिथे ट्रान्झिस्टर घालून उलटा कपॅसिटर तयार करायचा. असा कपॅसिटर दुकानात मिळत नाही, सर्किटला त्याचं सोंग घ्यायला लावावं लागतं. पण सोंग नीट वठलं, तर अँटेना जिथे जितकी अडेल तिथे तितकंच ते तिला उलट ढकलतं, आणि सगळ्याच चॅनलांवर जुळून येतं.

अडचण एवढीच की असं सर्किट बिथरतं. टेंभी नाक्यावर दहीहंडीच्या दिवशी निवेदक उत्साहाच्या भरात माइक घेऊन स्पीकरसमोर गेला की जी किंकाळी उठते, तोच हा रोग. बाहेर पडलेला आवाज परत आत शिरतो, मोठा होऊन बाहेर येतो आणि पुन्हा शिरतो. ऋजुताच्या सर्किटची किंकाळी कानाला ऐकू येत नव्हती. मोजणीयंत्राच्या पडद्यावर मात्र सोळाशे मेगाहर्ट्झपाशी एक सुळका उभा राहायचा. ऑफिसात त्याला शिट्टी म्हणत.

कंपनीचे मालक आनंदसर साठीचे, आणि त्यातली चाळीस वर्षं अँटेना बांधण्यात गेलेली. निसर्गाशी घासाघीस करू नये, असं त्यांचं मत होतं. तरी त्यांनी ऋजुताला दोन वर्षं दिली होती. आता ती संपत आली होती. या महिन्यात शिट्टी थांबली नाही, तर काम बंद करायचं आणि ऋजुताने ग्राहकांसाठी माहितीपुस्तिका लिहायला बसायचं, असं त्यांनी तिला सांगितलं होतं. ते रागावून बोलले असते तर तिला भांडता आलं असतं, पण ते फारच मायेने बोलले होते.

सर्किटला झाकायला धातूची पेटी हवी होती आणि ती बनून यायला तीन आठवडे लागणार होते. तेवढा धीर ऋजुताकडे नव्हता. शुक्रवारी ती सर्किट घरी घेऊन आली आणि आईच्या फडताळातला एक स्टीलचा डबा तिने उचलला. जाड पत्र्याचा, गोल, घट्ट झाकणाचा. झाकणाला तिने बाबांच्या ड्रिलने भोक पाडलं, वर वीतभर अँटेना उभी केली आणि झाकणाच्या आतून बॅटरीसकट सर्किट चिकटवलं. डब्याचं अंग हाच अँटेनाचा दुसरा हात, त्यामुळे मोजायचं ते झाकण लावूनच. त्या अंगावर कोरलेलं होतं: ‘चि. सौ. कां. नीला हिस मामाकडून, १९९२’.

शनिवारी दिवसभर शिट्टी. संध्याकाळी तिने एक रेझिस्टर बदलला आणि कंटाळून उठली.

रविवारी सकाळी नीलाताईंना डबा सापडला, आणि भोकही. लग्नातल्या डब्याला भोक पाडणारी मुलगी आपल्याच पोटी कशी आली, इथपासून मामांना वर काय वाटत असेल, इथपर्यंत सगळं झालं. मग डबा ठाण्याला जाणार आहे हे कळल्यावर त्यांचा सूर बदलला. भोक तर भोक, पण ऑफिसात चार माणसं असतात, तिथे रिकामा डबा न्यायचा म्हणजे काय. त्यांनी डब्यात बटर पेपर घालून पंधरा बेसनाचे लाडू रचले, वरून आणखी एक कागद लावला आणि झाकण बसवलं.

जेवण झाल्यावर ऋजुताने खिशात मावणारं तिचं मोजणीयंत्र जोडलं आणि बघतच राहिली. शिट्टी गायब. तीसपासून नव्वदपर्यंत रेघ अशी शहाण्यासारखी पडली होती, की तिने यंत्र दोनदा बंद करून चालू केलं. लाडू आत आहेत हे तिला ठाऊक होतं. पण माणसाला आपल्या हातून काही चांगलं झालंय असं वाटायला लागलं, की इतर कुणाचा हात दिसत नाही. शिट्टी रेझिस्टरनेच थांबली, याबद्दल तिच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

सोमवारी ऑफिसातही तेच. आनंदसरांनी स्वतः तीनदा मोजलं, डबा खिडकीपाशी नेला, हातात धरला, टेबलावर आडवा केला. रेघ हलली नाही. ऋजुताने फळ्यावर त्या रेझिस्टरचं माहात्म्य अर्धा तास समजावून सांगितलं. सर्किटची आखणी करणारा शौनक सगळा वेळ अगदी एकाग्र होता, पण फळ्याकडे पाहून नव्हे. तुपाचा वास त्याला डब्यातून येत होता. व्याख्यान संपल्यावर त्यानेच विचारलं, की आनंदाच्या प्रसंगी तोंड गोड करायची कंपनीची पद्धत मोडलीय का.

पंधरा लाडू चहा निवायच्या आत संपले. त्यातले चार शौनकने खाल्ले. तोंड गोड असतानाच आनंदसरांनी नाशिकला फोन लावला आणि गुरुवारी या म्हणून कळवलं.

जेवणाच्या सुट्टीनंतर ऋजुताने सहज यंत्र लावलं, तर पडद्यावर सुळका.

पुढचे दोन दिवस कसे गेले ते तिचं तिलाच ठाऊक. तिने रेझिस्टर काढून परत लावला, बॅटरी बदलली, प्रत्येक जोडावर भिंग धरलं. शौनकने हवेतल्या दमटपणावर संशय घेतला, मग लिफ्टच्या मोटरवर, आणि सगळ्यात शेवटी सोमवारच्या मुहूर्तावर. आनंदसर जुने जाणते; ते म्हणाले की बंद पेटीत अशा गोष्टी होतात, मला डब्याचाच संशय येतो. ऋजुताने त्यांना ठणकावून सांगितलं, की सोमवारी सकाळी हाच डबा, हेच झाकण आणि हेच सर्किट होतं, आणि तुम्हीच तीनदा मोजलंत. तर्क बिनतोड होता. आनंदसर गप्प बसले. बिनतोड तर्काचं हेच वाईट असतं.

बुधवारी दुपारी चारच्या सुमाराला त्यांनी तिला बोलावलं. उद्या आपण नाशिककरांना घडी होणारी लांब काठीच दाखवू, ते म्हणाले, आणि सोमवारपासून तू पुस्तिकांना लाग. ऋजुताने मान हलवली. तिला रडायला येत होतं, आणि रडण्याजोगं काही झालेलं नाही असं दाखवायचं होतं, म्हणून ती सोल्डरिंगच्या खोलीत जाऊन बसली.

तिथे शालूताई होत्या. कोपरीच्या शालूताई, वयाने पंचेचाळीस, आणि मोहरीएवढा भाग सूक्ष्मदर्शकाखाली एका झटक्यात जोडणारा त्यांचा हात. ऋजुताचं सर्किट त्यांनीच जोडलं होतं आणि दोन दिवसांत भिंग घेऊन ती त्यांच्या प्रत्येक टाक्याकडे संशयाने बघत होती, हे त्यांनी मनाला लावून घेतलं नव्हतं. डबा टेबलावर यंत्राला जोडलेला तसाच पडला होता. ऋजुता म्हणाली, की आता हा घरी नेते, आईचा आहे, संपलं सगळं.

शालूताईंनी आपल्या पिशवीतून कागदाचं पुडकं काढलं. सकाळी नणंद आली होती म्हणून भोपळ्याच्या घाऱ्या केल्या होत्या, त्या उरलेल्या.

“तुजे आईचे लाडू खाल्ले आम्ही,” त्या म्हणाल्या. “रिकामा डबा कसा पाठवू गो तिला?”

ऋजुताला नको म्हणायचीही ताकद नव्हती. शालूताईंनी सर्किट चिकटवलेलं झाकण हलकेच बाजूला धरून बारा घाऱ्या कागदात गुंडाळून आत ठेवल्या आणि झाकण दाबलं. ऋजुता उगाचच पडद्याकडे बघत होती.

सुळका नव्हता.

तिने झाकण काढून घाऱ्या बाहेर ठेवल्या आणि झाकण लावलं. सुळका. परत आत ठेवल्या. सुळका नाही. हे तिने पाच वेळा केलं. शालूताई म्हणाल्या, की माझ्या घाऱ्यांना काय होतंय काय, अशी काय उलटीसुलटी करतेस त्यांना.

“रिकामं होतं तेव्हा वाजत होतं,” ऋजुता म्हणाली.

“मंग? रिकामं भांडं वाजणारच.”

एवढं साधं होतं ते. रिकाम्या डब्यात ट्रान्झिस्टरमधून निसटलेल्या लहरी पत्र्यावर आपटत, घुमत आणि फिरून सर्किटच्या तोंडाशी येत. माइक आणि स्पीकर दोघंही एकाच डब्यात कोंडलेले. बेसन, तूप, भोपळा असलं काही आत असलं, की ते त्या लहरी गिळून टाकतं आणि घुमणं थांबतं. दोन वर्षांच्या मेहनतीने बनवलेलं सर्किट निर्दोष होतं. त्याचा शेवटचा सुटा भाग सोमवारी सकाळी सगळ्यांनी मिळून खाल्ला होता.

ऋजुताने शौनकला हाक मारली. दोघांनी एकेक घारी काढून मोजायला सुरुवात केली. बारा, ठीक. अकरा, ठीक. काढलेली प्रत्येक घारी प्रयोगातून बाद झाली आहे, असं समजून शौनक तिची व्यवस्था लावत होता. सात घाऱ्यांपर्यंत रेघ शांत राहिली आणि सहावर शिट्टी वाजली. “सात नग, किमान,” ऋजुताने वहीत लिहिलं, आणि शौनकच्या हातातली सातवी काढून परत डब्यात ठेवली. शालूताईंनी दुसऱ्या दिवशी पाच नव्या करून आणायचं कबूल केलं. मग ती धावत आनंदसरांकडे गेली, आणि डब्याच्या संशयावरून मीच तुम्हाला गप्प केलं होतं, असं आधी म्हणाली आणि बाकीचं नंतर सांगितलं.

आनंदसर खूप वेळ हसले. पण हसून झाल्यावर त्यांनी व्यवहाराची गोष्ट काढली. लहरी शोषणारे काळे रबरी पत्रे मिळतात, ते तीन आठवड्यांत येतील. तोवर उद्या झाकण बंद ठेवायचं आणि आत काय आहे ते बोलायचं नाही. ग्राहकाला स्वयंपाकघर दाखवायचं नसतं, ताट दाखवायचं असतं.

ऋजुता हो म्हणाली. घरी जाताना मात्र तिला ते हो टोचत राहिलं. हा संच कुणीतरी कड्यावर लटकून कानाला लावणार होतं.

गुरुवारी नाशिकहून सुहासिनी बोरस्ते आल्या. पन्नाशीच्या, उन्हाने रापलेल्या, पायात डोंगरात घालायचे बूट. तपासणीच्या कामावर असूनही त्या स्वतः पथकाबरोबर चढत, आणि डाव्या भुवईवर त्यांना एक व्रण होता. तो अँटेनाचाच होता. त्यांनी मोजणी पाहिली, एकेक चॅनल लावून ऐकला आणि मान डोलावली. मग डब्यावरची अक्षरं वाचून विचारलं, की या मॉडेलचं नाव नीला आहे का. आनंदसर घाईने हो म्हणाले.

“आत काय आहे?” सुहासिनीबाईंनी विचारलं.

आनंदसरांनी ऋजुताकडे पाहिलं. ऋजुताने डब्याकडे पाहिलं.

“सर्किट आहे, आणि बारा घाऱ्या,” ती म्हणाली. “त्या काढल्या तर हे बिघडतं.”

आनंदसरांनी चष्मा काढून पुसायला घेतला. ऋजुताने झाकण उघडलं आणि सगळं सांगितलं: लाडू, सोमवार, फळ्यावरचं व्याख्यान, शालूताईंची नणंद, सात नग. रबरी पत्रा आल्यावर घाऱ्यांची गरज उरणार नाही, पण आज तो आलेला नाही आणि पत्रा लावून आम्ही अजून मोजलेलं नाही, हेही सांगितलं. सांगताना तिला वाटत होतं, की पुस्तिका लिहिण्याइतकी आपली भाषा बरी आहे, एवढं तरी यातून सिद्ध होतंय.

सुहासिनीबाईंनी एक घारी उचलून खाल्ली. पडद्याकडे बघितलं. दुसरी खाल्ली. तिसरी आनंदसरांना दिली, चौथी शौनकने न देता घेतली, पाचवी त्यांनी शालूताईंच्या हातावर ठेवली. सात उरल्या तरी रेघ शांत होती. मग त्यांनी आणखी एक काढली, आणि सुळका उभा राहिला. ती त्यांनी परत ठेवली, सुळका गेला.

“लोक मला यंत्र कुठे चालतं ते दाखवतात,” त्या म्हणाल्या. “कुठे बिघडतं ते आम्हाला कड्यावर कळतं. हा डबा मी आठवडाभर डोंगरात नेते.”

सात घाऱ्यांसह नीला नाशिकला गेली.

आठवडा कसला, दहा दिवस झाले. अकराव्या दिवशी कुरियरने डबा परत आला तो जड. शौनक म्हणाला, जड आहे म्हणजे होकार आहे. ऋजुताने त्याला वेड्यात काढलं. तिच्या आईने तर नकार कळवतानाही डबा भरूनच पाठवला असता, त्यामुळे वजनावरून काहीच कळत नाही, हे ती आता पुरतं शिकली होती. तिने झाकण उघडलं. आत पातळ पोह्यांचा चिवडा होता आणि वर घडी घातलेलं पत्र.

संध्याकाळी तिने डबा घरी नेला आणि पत्र आईच्या हातात दिलं. नीलाताईंनी चष्मा लावून ते मोठ्याने वाचलं.

“‘नीला सर्व चॅनलांवर उत्तम चालली. पथकातील सर्वांचे डोळे शाबूत आहेत. घाऱ्या दुसऱ्या दिवशी पथकाने संपवल्या, त्याबद्दल दिलगीर आहोत. त्यानंतर चिवडा भरून पाहिला. चिवड्याने शिट्टी थांबत नाही. उकडलेल्या बटाट्यांवर थांबते. पत्रा आल्यावर तो लावून मोजावे आणि नीलाचे बारा नग पाठवावेत. रिकामा डबा पाठवणे बरे दिसत नाही, म्हणून सोबत चिवडा.’”

त्यांनी ते पत्र पुन्हा एकदा वाचलं, या वेळी मनातल्या मनात. बँकेत त्या एकतीस वर्षं मॅडम होत्या, सोसायटीत नीलाताई, घरात आई. नुसतं नीला असं त्यांना या डब्याखेरीज कुणी म्हणून कैक वर्षं झाली होती. आता त्या नावाचे बारा डबे डोंगर चढणार होते. त्यांचे डोळे भरून आले आणि ते त्यांनी लपवले नाहीत.

ऋजुताने त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं. भोक पाडलं म्हणून मी कधी नीट माफी मागितली नाही, ती म्हणाली. नीलाताई म्हणाल्या, की ते भोक आहे तसंच राहू दे, मामांना मी वर गेले की समजावीन.

मग त्यांनी चिवड्याचा एक घास घेतला, मीठ कमी आहे असं ठरवलं आणि उठून डबा विसळायला घेतला.

“उद्या हा परत ऑफिसला न्यायचाय ना?” त्यांनी ओट्यापाशी उभं राहून विचारलं. “बटाटे किती लागतील?”